गजावरची खूण

जानेवारी २०२० मधली ती सकाळ नोएडात धुक्यातच उजाडली. नऊ वाजून गेले तरी समोरची इमारत दिसत नव्हती. मुलीच्या घरी बंद खिडकीशी बसलेले बाहत्तर वर्षांचे आजोबा वर्तमानपत्रातली एक लहानशी बातमी दुसऱ्यांदा वाचत होते. येत्या २६ जानेवारीच्या संचलनात उत्तर प्रदेश पोलीस ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीला निरोप देणार होते.

महाराष्ट्राला ही रायफल विशेष आठवते ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांसमोर उभ्या राहिलेल्या रेल्वे पोलिसांच्या हाती हीच होती. आजोबांना मात्र ती आतून ठाऊक होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या चाचणी विभागात त्यांची उमेदीची वर्षे सरली. रायफल त्यांनी कधी मिरवली नाही. तिच्या नळीत, सेकंदाच्या हजाराव्या भागात, काय घडते ते मोजणे एवढेच त्यांचे काम होते.

बातमी वाचून होते न होते तोच नातवाने फोनवर पाठवलेले एक छायाचित्र आले. पितळी काडतुसाचा तळ होता. कडेने कोरलेली अक्षरे स्पष्ट दिसत होती : के, एफ, ७१ आणि एक सुटा ७. के आणि एफ म्हणजे खडकी. ७१ म्हणजे साल. सुटा ७ म्हणजे काडतुसाचा सातवा मार्क : १७४ ग्रेन, म्हणजे सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची टोकदार गोळी. त्या सातापुढे ‘झेड’ असता तर आत नायट्रोसेल्युलोजची दारू आहे असे समजायचे. इथे झेड नव्हता, म्हणजे आत कॉर्डाइट होते. १९७१ साली आजोबा तेवीस वर्षांचे होते.

“आजोबा, हे तुमच्याकडचेच ना?” नातवाने विचारले होते. पाठोपाठ दुसरा, लांबलचक संदेश आला आणि आजोबांनी हातातला चहा खाली ठेवला.

नातू दिल्लीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी उभारलेल्या तुघलकाबादच्या रेंजवर तो पॉइंट २२ ने सराव करी. त्याच्या एका मित्राचे गाव मेरठकडे. मित्राचे पणजोबा फौजेत होते. त्यांच्या काळातली एक थ्री नॉट थ्री आणि काडतुसांचा एक डबा जुन्या परवान्यावर घरात राहिला होता. रायफल जुनी, खांद्याला बसणारा धक्का जबर. तेव्हा दोघांनी एक बेत आखला होता. पकडीने गोळी ओढून काढायची, आतल्या कॉर्डाइटच्या काड्या निम्म्या कमी करायच्या आणि गोळी पुन्हा बसवायची. संदेशाचा शेवट असा होता : “कमी दारू म्हणजे कमी दाब, कमी दाब म्हणजे जुन्या रायफलीला धोका नाही. बरोबर ना?”

आजोबांनी उत्तर लिहिले, “संध्याकाळी घरी ये. तोवर त्या डब्याला कोणीही हात लावायचा नाही.”

नातू आला तेव्हा आजोबांनी पहिल्यांदा कायद्याची गोष्ट काढली, कारण ती थोडक्यात आटोपणारी होती. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही. थ्री नॉट थ्री तर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. परवाना मित्राच्या आजोबांच्या नावे. नातवाचाही नाही आणि मित्राचाही नाही. नातवाने मान डोलावली. पण त्याच्या चेहऱ्यावरून उघड दिसत होते की त्याचा प्रश्न कायद्याचा नव्हता. कायदा परवानगी देता, तर विज्ञानाने काय उत्तर दिले असते, हे त्याला हवे होते. प्रश्न प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नाला धाक दाखवून गप्प करणे आजोबांच्या स्वभावात नव्हते.

त्यांनी कागद घेतला आणि बाटलीच्या आकाराची एक पुंगळी रेखाटली.

घरातल्या कुकरमध्ये शिट्टी होण्याच्या सुमारास वातावरणाच्या साधारण दुप्पट दाब असतो, ते म्हणाले. या पुंगळीसाठी युरोपातील प्रमाणसंस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा ३६५ मेगापास्कल आहे, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ३,६०० पट. हा दाब झेलते कोण? पितळ तर झेलू शकत नाही. पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. खरा भार चेंबर आणि बोल्ट यांच्या पोलादावर. त्यातही या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे प्रत्येक बाराबरोबर तो किंचित दबतो. रायफल झिजली की बोल्टचे तोंड आणि पुंगळीचा तळ यांच्यातले अंतर वाढते. मग पुंगळी लांब ताणली जाते आणि कधी तळाजवळ तुटते. म्हणून जुनी रायफल हाती आली की तपासनीस आधी गेज घालून हे अंतर मोजतो, मग नळीचा आतला भाग पाहतो. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे राहणारा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो आणि साफ न केलेली नळी आतून गंजत जाते. बाहेरून तेल पाजून चकचकीत ठेवलेला दस्ता आतल्या पोलादाबद्दल काहीही सांगत नाही.

“पण म्हणूनच तर दाब कमी करायचा,” नातू म्हणाला.

“दाब कमी करायचा, हे ठीक. पण दारू कमी केली की दाब त्याच प्रमाणात कमी होतो, हे तुला कोणी सांगितले?”

आजोबांच्या लहानपणीची दारू काळी होती : सोरा, गंधक आणि कोळसा. तिच्या जळण्याच्या वेगावर भोवतालच्या दाबाचा परिणाम फारसा होत नाही. दारू कमी तर जोर कमी, हा हिशेब तिथे बऱ्याच अंशी जमतो, आणि लोकांच्या मनात तोच पिढ्यान्‌पिढ्या बसला आहे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी निर्धूम दारू बनवली आणि तो हिशेब मोडला. व्हिएय यांचाच नियम सांगतो की अशा दारूचा ज्वलनवेग दाबाबरोबर वाढतो. आधुनिक दारूत दाब दुप्पट झाला की वेगही जवळजवळ दुप्पट होतो. दाब वाढला की ती झपाट्याने जळते, झपाट्याने जळली की दाब आणखी वाढतो. उलट, दाब पुरेसा चढलाच नाही तर ती नीट जळतच नाही. ओल्या लाकडांनी भरलेल्या चुलीसारखी धुमसत राहते.

“म्हणजे निम्म्या दारूने निम्मा दाब नाही,” नातू हळूच म्हणाला.

“निम्म्या दारूने काय होईल ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही, एवढेच खरे.”

मग त्यांनी एकेक शक्यता मांडली. पहिली म्हणजे दाब इतका उणा पडेल की गोळी नळीत मध्येच अडकेल. आवाज दबका येईल, धक्का जाणवणार नाही. नवखा माणूस समजेल की बार फुकट गेला, बोल्ट ओढून दुसरे काडतूस घालील आणि चाप ओढील. मागून येणारी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळेल आणि नळी फाटेल. कमी दारूच्या काडतुसांचे सर्वांत साधे आणि सर्वांत नेहमीचे संकट हेच.

दुसरी शक्यता अधिक विचित्र. मोठ्या पुंगळीत संथ जळणारी दारू थोडीच घातली तर ती आडवी पसरते आणि वर पोकळी राहते. प्रायमरची ज्वाला त्या पोकळीतून दारूच्या पाठीवरून निघून जाते. दारू कधी एका टोकाला पेटते, कधी एकदम साऱ्या पृष्ठभागावर. नळी खाली झुकवून मग वर उचलली तर एक दाब आणि वर धरून मग खाली आणली तर दुसरा. क्वचित असेही घडते की गोळी जरा पुढे सरकून थबकते आणि तिच्यामागे दाब अकस्मात उसळतो. अशा वेळी भरपूर दारूने जी रायफल फुटली नसती ती थोड्या दारूने फुटते. याचे नेमके कारण काय, यावर तज्ज्ञांचे आजही पूर्ण एकमत नाही, आणि मागवून पाहावे तर प्रयोगशाळेत हा प्रकार दर वेळी घडतही नाही.

तिसरी शक्यता हाताच्या चुकीची. थोडी दारू पुंगळीचा तळच झाकते. तिथे चुकून दुसऱ्यांदा माप पडले तर वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. पुरेपूर भरलेल्या पुंगळीत मात्र दुप्पट दारू मावतच नाही. ती बाहेर सांडते आणि चूक उघडी पडते.

चौथी गोष्ट या काडतुसांच्या वयाची. कॉर्डाइट म्हणजे नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि व्हॅसलीन यांच्या शेवयांसारख्या काड्या. नळीला वंगण मिळावे म्हणून घातलेले व्हॅसलीन दारूचे विघटनही रोखते, हे पुढे ध्यानात आले. पण पन्नास वर्षे पत्र्याच्या डब्यात, गंगा-यमुनेच्या दुआबातल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत आणि जानेवारीच्या ४ अंशांत काढल्यावर आतले रसायन कोणत्या अवस्थेला आले असेल हे कोणी सांगावे? प्रायमर थकलेला असेल तर चाप ओढल्यावर बार क्षणभर थांबून उडतो, आणि त्या क्षणात घाईचा माणूस बोल्ट उघडतो. शिवाय तापमानाने दाबही बदलतो. उन्हाळ्यात जेमतेम बाहेर पडणारी गोळी थंडीत आतच राहू शकते.

“मग कमी दाबाचे काडतूस कोणी बनवतच नाही का?”

“बनवतात. पण तुमच्यासारखे नाही.”

आजोबा सांगू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश फौजेला बंदिस्त जागेत, थोडक्या खर्चात सराव हवा होता. त्यांनी मोठ्या काडतुसातली दारू काढली नाही. रायफलीच्या नळीत लहान बोअरची दुसरी नळी बसवली आणि तिच्यासाठी वेगळे चिमुकले काडतूस केले. मॉरिस ट्यूब म्हणतात ती हीच. भारतात पहारेकऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी कमी पल्ल्याचे हत्यार हवे झाले तेव्हा ईशापूरच्या कारखान्याने जुन्या ली-एन्फिल्डच्या नळ्या बदलून पॉइंट ४१० च्या मस्केट केल्या, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि पुंगळी वापरली ती थ्री नॉट थ्रीचीच, पण तिचा गळा न आवळता सरळ ठेवलेली. याच कारखान्याने १९६२ च्या युद्धानंतर त्याच घडणीची रायफल अधिक दाबाच्या ७.६२ काडतुसासाठी केली तेव्हा आधी पोलाद बदलले. दाब खाली न्यायचा असो वा वर, साखळीतली प्रत्येक कडी त्याप्रमाणे बदलायची आणि मग मोजायची.

जिथे कायदा घरी काडतुसे भरण्याची मुभा देतो त्या देशांतही शहाणा हौशी माणूस स्वतःच्या अंदाजाने दारू कमी करीत नाही. दारू बनवणारी कंपनी चाचणीच्या नळीत दाब मोजून तक्ते छापते. त्यात कोणती दारू, कोणती गोळी आणि कोणती पुंगळी ते ठरलेले असते. हलक्या बारासाठी ती कंपनी लवकर आणि एकसारखी पेटणारी वेगळी दारू सुचवते. प्रत्येक माप तराजूवर तोलले जाते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून पाहिले जाते. प्रत्येक बारानंतर निशाण्यावरचे भोक दिसले नाही तर थांबून नळीत डोकावले जाते, अर्थात रायफल रिकामी करून. “आणि त्या तक्त्यात,” आजोबा म्हणाले, “दोन आकडे असतात. लोक कमाल आकड्याला भितात. किमान आकडाही तितक्याच गांभीर्याने छापलेला असतो.”

नातू बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “तुम्ही चाचणी विभागातच का गेलात?”

हा प्रश्न आजोबांना घरात कोणी कधी विचारला नव्हता. त्यांनी उठून खिडकीचा पडदा सारला आणि पुन्हा येऊन बसले.

ते सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातले. घरी शेती-संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आले की रात्री रानडुकरे उतरत आणि थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणे, माळ्यावर जागत. बंदूक भरण्याचे काम धाकट्याचे. दारू ओतायची, काथ्याचा बोळा घालायचा, छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. गजावर दादांनी सुरीने एक खूण केली होती. ती नळीच्या तोंडाशी आली की बार बसला असे समजायचे.

१९६५ च्या पावसाळ्याअखेर दादा हिवतापातून नुकते उठले होते. खांद्यात त्राण नव्हते. सतरा वर्षांच्या धाकट्याला वाटले, आज धक्का कमी बसू दे. कोणाला न सांगता त्याने दारू निम्मी ओतली. बाकी सारे नेहमीसारखे केले आणि खूण नळीच्या तोंडाशी येताच ठासणे थांबवले.

नातवाच्या ध्यानात आले. तो काही बोलला नाही.

दारू निम्मी होती तर बोळा आणखी खाली जायला हवा होता. खूण नळीच्या तोंडाशी नव्हे, आत दिसेनाशी व्हायला हवी होती. ती नेहमीच्या जागी थांबली, याचा अर्थ दारू आणि बोळा यांच्यात बोटभर पोकळी राहिली. काळी दारू दाबाला फारशी जुमानत नसली तरी या पोकळीला जुमानते. पेटलेले वायू त्या मोकळ्या जागेत वेग घेतात आणि स्थिर बोळ्यावर हातोड्यासारखे आदळतात. नेमक्या तिथे नळी कड्यासारखी फुगते, नाही तर फाटते. त्या रात्री फाटली. दादांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

पोलीसपाटलाला दादांनी सांगितले की नळी जुनी होती, गंजली होती. सर्वांनी ते मान्य केले. धाकट्यानेही मान्य केले, कारण दारू तर त्याने कमी घातली होती. कमी दारूने बंदूक फुटते हे त्याच्या मनातही येणे शक्य नव्हते. चार-पाच वर्षांनी नोकरीत, प्रशिक्षणाच्या वर्गात, फळ्यावर नळी, दारू आणि पोकळी यांची आकृती काढली गेली, तेव्हा त्याला ते कळले. त्या दिवसापासून त्याने चाचणी विभाग मागून घेतला. तांब्याचा चिमुकला दंडगोल दाबाखाली किती दबला हे सूक्ष्ममापीने मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. पुढे दंडगोलाची जागा पिझो संवेदकाने घेतली. आकडा मात्र रोज लिहिला गेला.

“मोठ्या आजोबांना हे सांगितलेत?”

“नाही.”

नातवाने तिथेच बसून मित्राला फोन लावला. त्याने मॉरिस ट्यूब सांगितली नाही, व्हिएयचा नियमही सांगितला नाही. दोन बोटांची गोष्ट सांगितली. चार दिवसांनी कळले की मित्राच्या आजोबांनी रायफल आणि तो डबा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे नेऊन जमा केला. तोपर्यंत तीन काडतुसे उघडून झाली होती, भरलेले मात्र एकही नव्हते.

२६ जानेवारीला सकाळी आजोबांनी दूरदर्शनवर राजपथावरचे संचलन पाहिले. दुपारी त्यांनी गावी फोन लावला. दादांना आता कमी ऐकू येई, त्यामुळे सारे मोठ्याने आणि दोनदा सांगावे लागले. चोपन्न वर्षे मनात ठेवलेली गोष्ट नोएडातल्या त्या दिवाणखान्यात अशी ओरडून बोलली गेली, आणि मुलगी स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली.

पलीकडे थोडा वेळ काजूच्या बागेतल्या पाखरांचा आवाज तेवढा येत राहिला. मग दादा म्हणाले की ते त्यांना दुसऱ्याच दिवशी समजले होते; दारूच्या शिंगात निम्मा बार जास्त उरला होता. गजावरची खूण आपणच केली होती, असेही ते म्हणाले. एवढ्या दारूसाठी ही खूण आणि याहून कमी असेल तर ती दुसरी, असे करून, धाकट्याला समजावून द्यायला हवे होते. एकच खूण करून बंदूक पोराच्या हाती दिली, ती चूक थोरल्याची.

त्यानंतर त्यांनी विचारले की नोएडात थंडी फार आहे का.